कलशातली पेनी

विनय सबनीसला जर्सी सिटीतल्या आपल्या अपार्टमेंटमध्ये दहा हजार डॉलर लपवायचे होते, आणि अडचण अशी होती की ते सगळे मिळून एका पेनीएवढेच होते. नोटा असत्या तर गादीखाली गेल्या असत्या, सोनं असतं तर बँकेत गेलं असतं. पण एक सेंटचं नाणं लॉकरमध्ये ठेवायला निघालेला माणूस बायकोला काय सांगणार? पाकिटात ठेवावं तर चुकून खर्च व्हायचं. ड्रॉवरमध्ये ठेवावं तर तिथे रबरबँड, वाळलेली बॉलपेनं आणि शर्ट गेले तरी उरलेली बटणं असा सगळा संसार. त्यात पेनी म्हणजे आणखी एक बटण. शेवटी घरातली एकच जागा त्याला सापडली जिथे कुणी उगाच हात घालत नाही. स्वयंपाकघरातल्या ज्या कपाटात अमेरिकन लोक कॉर्नफ्लेक्स ठेवतात, त्या कपाटात उत्तराचे देव होते. त्यांतल्या गणपतीच्या पाटाखाली त्यानं पेनी सरकवली आणि बऱ्याच वर्षांनी देवाला मनापासून नमस्कार केला.

पेनी मिळाली होती जर्नल स्क्वेअरजवळच्या एका डोनटच्या दुकानात. तिथे गल्ल्याशेजारी एक बशी असे. ज्याला खिशातली पेनी जड झाली त्यानं ती बशीत टाकावी, ज्याला एखादी कमी पडली त्यानं उचलावी, असा तो परोपकारी हिशेब. या बशीच्या खात्यात विनयच्या नावावर उचल बरीच होती, भरणा शून्य. त्या सकाळीही त्यानं सवयीनं एक उचलली, आणि सवयीनंच तिचं साल पाहिलं. १९४३.

आता सामान्य माणूस पेनीचं साल बघत नाही. पण विनय रविवारच्या पेपरातलं नाण्यांचं सदर वाचत असे, कारण पेपरचे पूर्ण पैसे देऊन एखादं पान न वाचता टाकून देणं त्याला पटत नसे. त्या सदरात एकदा आलं होतं की त्रेचाळीस साली महायुद्धाला तांबं हवं होतं, म्हणून सरकारनं पेन्या पोलादाच्या पाडल्या, करड्या रंगाच्या. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या थोड्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या होत्या, आणि त्यांच्याही पेन्या पडल्या. अशी एखादी सापडली तर दहा हजारांच्या आसपास भाव. आणि विनयच्या तळहातावरची पेनी तांबूस होती.

घरी आल्याआल्या त्यानं ती फ्रिजवरच्या लोहचुंबकाला लावून पाहिली. चिकटली नाही. म्हणजे पोलाद नव्हे, तांबंच. सदरात दोन इशारेही होते. पहिला, लबाड लोक १९४८च्या पेनीवरचा आठ खरवडून त्याचा तीन करतात. दुसरा, जुनं नाणं कधीही घासू नये, घासलं की निम्मी किंमत गेली. विनयच्या पेनीवर नेमका शेवटच्या आकड्याभोवती हिरवट काळा मळ बसला होता. मळ काढल्याशिवाय आकडा खरा की खोटा ते कळणार नाही, आणि मळ काढायचा नाही. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला देतात, विनयनं तो पेनीला दिला.

इथपर्यंत ठीक होतं. पेनीत माणसं बुडत नाहीत. पण विनयनं पेनी विकायच्या आधीच खर्च करायला सुरुवात केली. उत्तराला कधीपासून स्वतःचं घर हवं होतं. एडिसनमध्ये एक घर विकायला होतं, मालकाला घाई होती, एजंट बाई हसतमुख होती. विनयनं हजार डॉलरचा चेक इसार म्हणून देऊन टाकला. बाकी किंमत बँकेच्या कर्जातून, पण डाउन पेमेंटचे उरलेले दहा हजार महिनाअखेरीला भरायचे, नाहीतर घर गेलं आणि बहुधा इसारही गेला. नाण्यांच्या व्यापाऱ्याची वेळ त्यानं पुढच्या सोमवारची घेतली होती, आणि तोवर उत्तराला काही सांगायचं नव्हतं. घराची किल्लीच हातात द्यायची असा त्याचा बेत होता. फक्त जमीन तयार असावी म्हणून एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, “ऑफिसात बोनस मिळणार आहे.”

“ऑगस्टमध्ये?” उत्तरानं विचारलं.

“स्पेशल आहे.”

उत्तरानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली. दोन दिवसांनी, गुरुवारी म्हणाली, “रविवारी सत्यनारायण करायचं ठरवलंय. आठल्ये गुरुजी मोकळे आहेत. लोकांनाही सांगते.”

बोनसचे आभार देवानं आगाऊ घेतले याचं विनयला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण पूजेचा खर्च दहा हजारांत बसण्यासारखा होता.

त्या आठवड्यात त्याचं कशात लक्ष लागेना. सकाळी आंघोळ झाली की कपाट उघडून पाटाखाली बोट घालायचं. ऑफिसमधून आला की बूट काढायच्या आधी परत तेच. उत्तरा आसपास असली तर हात जोडून उभं राहायचं आणि ती गेली की बोट घालायचं. बुधवारी तर तो डबा घेऊन नेहमीच्या गाडीनं मॅनहॅटनला गेला, पण ऑफिसला तब्येत बरी नाही म्हणून कळवून दिवसभर लायब्ररीत नाण्यांच्या जाडजूड कॅटलॉगपुढे बसला. तिथेच डबा खाल्ला आणि नेहमीच्या वेळेला घरी आला.

रविवारी सकाळी तो न्हाऊन, कद नेसून स्वयंपाकघरात गेला आणि कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं. देव दुधात न्हाऊन बाहेर चौरंगाकडे गेले होते. पाट सिंकशेजारी पालथा पडून निथळत होता.

“उत्तरा,” तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, “पाटाखाली काही होतं का गं?”

“पेनी होती एक. कुणी ठेवली होती कोण जाणे. घेतली मी.” उत्तरा शिऱ्याचा रवा भाजत होती. “गुरुजींनी फोनवर सांगितलं, कलशात आणि विड्यांवर ठेवायला तांब्याची नाणी लागतील. पेन्या चालतील, पण ब्याऐंशीच्या आधीच्याच बघा म्हणाले. नंतरच्यांना नुसता तांब्याचा मुलामा आहे, आत जस्त. देवाला मुलामा कळतो, मला तर कळतोच, म्हणाले.”

आठल्ये गुरुजी शनिवार-रविवारी गुरुजी होते. उरलेले पाच दिवस ते एका कारखान्यात धातुतज्ज्ञ होते, आणि यजमानांना दोन्ही व्यवसायांचा लाभ मिळे.

“मग?”

“मग काय, बरणी उपसली, घरात होत्या तेवढ्या जुन्या पेन्या गोळा केल्या आणि चिंच-मिठानं घासल्या. अशा लखलखल्यात म्हणून सांगू.”

चिंच हा शब्द विनयच्या कानातून थेट जमाखर्चात गेला. दहाचे पाच झाले. तो फ्रिजला टेकला. मग त्यानं मनातल्या मनात पुन्हा मांडणी केली. पाच हजार तर पाच हजार. उरलेले कुठूनतरी उभे करता येतील. पण आधी पेनी हातात हवी. तो पुढे काही विचारणार तोच दाराची बेल वाजली आणि आठल्ये गुरुजी खांद्याला जिमची बॅग लावून आत आले. त्यांच्या पाठोपाठ पाहुणे.

पाहुणे त्या दिवशी जरा विचित्रच वागत होते. एरवी दारातून आत येताच पार्किंगबद्दल तक्रार करणारी सुलेखामावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “नीट जेवतोस ना रे?” कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. ऑफिसचा विषय कुणी काढला की दुसरा कुणी लगेच हवामानाकडे वळत होता. आणि राजीव कोतवाल, जो विनयचा जुना मित्र आणि ऑफिसच्या शेजारच्याच इमारतीतल्या कंपनीतला प्रोग्रॅमर, त्यानं त्याला कोपराला धरून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं.

“विनय, तू मला काही सांगू नकोस,” राजीव खालच्या आवाजात म्हणाला. “वहिनींनी सगळं सांगितलंय.”

विनयनं मागे दाराकडे पाहिलं. “काय सांगितलं?”

“जे आहे ते. यार, इतके दिवस एकटाच घेऊन बसलास? घरातसुद्धा बोलला नाहीस?”

“अजून नक्की काही नाही.”

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“आत बसलेत तेवढ्यांना. पण कोणी विषय काढणार नाही, तशी ताकीदच आहे. मी आमच्या मॅनेजरशी पण बोललोय.”

“त्याला कशाला सांगितलंस?”

“अरे, त्याच्या बाबतीत दोनदा झालंय हे. ही अंडरस्टँड्स. उद्या सकाळी तो फोनाफोनी करेल. तू फक्त शांत राहा.”

ज्याला अशा दोन पेन्या सापडल्या तो मनुष्य अजून मॅनेजरकी का करतो, हे विनयला कळेना. पण त्याला त्याहून भयंकर गोष्ट कळली होती. आत वीस माणसं बसली होती, त्या सगळ्यांना पेनीबद्दल ठाऊक होतं, आणि पेनी उघड्यावर चौरंगावर होती.

तो पाटावर जाऊन बसला. समोर पाच विडे मांडले होते, प्रत्येकावर सुपारी आणि एकेक पेनी. सगळ्या पेन्या आजच टाकसाळीतून आल्यासारख्या. दोन सालाच्या बाजूनं वर होत्या, तीन उलट्या. साल वाचायला पुढे वाकावं लागत होतं. “ममोपात्त दुरितक्षयद्वारा,” गुरुजी म्हणाले आणि पुढे भूगोल सांगू लागले, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर वगैरे. विनयनं पहिलं फूल वाहताना पहिली पेनी पाहिली. एकसष्ट. दुसरं फूल वाहताना दुसरी. चौऱ्याहत्तर. तिसरीला फूल वाहताना त्यानं करंगळीनं तिला उलटवलं.

“यजमान, विडा हलवू नका,” गुरुजी मंत्र न थांबवता म्हणाले.

अठ्ठावन्न. चौथीसाठी अक्षता जास्त घ्याव्या लागल्या. अडुसष्ट. पाचवी चौरंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. तिच्यासाठी तो गुडघ्यांवर उठून असा लवला की कपाळ चौरंगाला लागलं. मागून सुलेखामावशीनं नाक ओढल्याचा आवाज आला. “बघ कसा मनापासून करतोय,” ती कुणालातरी पुटपुटली. “अशा वेळी देवच आठवतो.”

पाचवी सत्तरची होती.

म्हणजे उरला कलश. कलशावर ताम्हन, ताम्हनात गहू, गव्हावर बाळकृष्ण, बाळकृष्णावर तुळस. पाच हजार डॉलर तळाशी पाण्यात, आणि वर साक्षात भगवान बसलेले. उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना उठवता येत नाही. विनय हात जोडून कथा ऐकू लागला. साधुवाणी नावेत धन भरून निघतो, नावेत काय आहे म्हणून विचारल्यावर खोटं सांगतो की वेली आणि पानं आहेत, आणि बघतो तर धनाची खरोखरच पानं झालेली. ही गोष्ट विनयनं लहानपणापासून ऐकली होती, पण वाण्याच्या बाजूनं पहिल्यांदाच. त्याच्या कपाळावर घाम आला. उत्तरानं पदरानं तो टिपला, सगळ्यांदेखत, जे तिनं लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

आरती झाली. तीर्थप्रसाद झाला. गुरुजींना पुढची पूजा पार्सिपनीला गाठायची होती, म्हणून त्यांनी उत्तरपूजा तिथेच उरकली. विनय कलशाकडे सरकला, पण एकामागून एक माणसं त्याला भेटायला येत होती. प्रत्येकजण त्याचा हात दोन्ही हातांत घेत होता आणि प्रत्येकजण निघताना एक पाकीट देत होता. असल्या पूजेला पाकीट कुणी आणत नाही. एकजण म्हणाला, “हे दिवस जातात.” दुसरा म्हणाला, “पॅकेज बरं दिलं ना निदान?” विनय होहो म्हणत वळला, तोवर चौरंग मोकळा झाला होता. तांदूळ, सुपाऱ्या, नारळ, नाणी, रिवाजाप्रमाणे सगळं गुरुजींच्या जिमच्या बॅगेत गेलं होतं, आणि गुरुजी लिफ्टमध्ये.

विनय जिन्यानं धावला. कद आवरत, पायात उत्तराच्या चपला. पार्किंग लॉटमध्ये गुरुजी गाडीचं दार उघडत होते.

“गुरुजी, एक मिनिट. ते कलशातलं नाणं.”

“त्याचं काय?”

“आमच्याकडे पद्धत आहे. ते घरातच ठेवायचं असतं.”

“कुठल्या पद्धतीत?”

विनयनं पद्धत सोडून दिली. “त्याबदली मी दक्षिणा वाढवून देतो. एकावन्नच्या जागी एकशे एक.”

आठल्ये गुरुजींनी बॅग गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. “सबनीस, परिस्थिती उत्तराबाईंनी माझ्या कानावर घातलीय. मी खरं म्हणजे दक्षिणा घेणारच नव्हतो.” त्यांनी पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. “हे राहू द्या तुम्हाला.”

“नको नको. उलट मीच देतो. मला पेन्या तेवढ्या द्या.”

“दक्षिणा परत घेताय की वाढवताय, ते आधी ठरवा.”

शेवटी गुरुजींनी कॅमेऱ्याच्या रोलची एक डबी काढली. यजमानांकडच्या पेन्या ते तीत ठेवत. कलशातली शोधायची तर सगळ्याच बघायला हव्या होत्या, कारण डबीत शनिवारच्या वास्तुशांतीच्याही होत्या. विनयनं डबी बॉनेटवर पालथी केली आणि दोघं एकेक पेनी उन्हात धरून वाचू लागले.

“कुठलं साल हवंय?” गुरुजींनी विचारलं.

“त्रेचाळीस.”

“त्रेचाळीसच्या पेन्या पोलादाच्या. मी तांब्याची मागितली असताना पोलादाची कलशात जाऊ देईन का? कलशातली मी स्वतः पाहून घातली. सत्तावन्नची आहे, ही बघा.”

विनयनं ती पाहिली. मग उरलेल्या सगळ्या पुन्हा पाहिल्या. मग बॅगेतले तांदूळ चाळू का म्हणून विचारलं. तेवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं. चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही खिडक्यांमध्ये पाहुणे दाटीनं उभे होते. वीस माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं की विनय सबनीस गुरुजींना दिलेल्या पेन्या मोजून परत घेतोय. सुलेखामावशीनं तोंडाला पदर लावला होता.

राजीव खाली आला. त्यानं विनयच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हातानं खिशातून नोटा काढल्या, आणि कदाला खिसा नसतो म्हणून त्या त्याच्या कमरेला खोचल्या. “चल वर,” तो म्हणाला. “परत करायची घाई नाही.”

सगळे गेल्यावर उत्तरा स्वयंपाकघरात शिऱ्याचं पातेलं खरवडत होती. विनय टेबलापाशी बसला. समोर पाकिटांची चळत होती. पेनी गेली होती, सोमवारी व्यापाऱ्याला दाखवायला काही उरलं नव्हतं, महिनाअखेर समोर दिसत होती, आणि ज्या घरासाठी हे सगळं केलं त्या घराचं नावही बायकोला ठाऊक नव्हतं.

“उत्तरा, ती पाटाखालची पेनी पूजेत नव्हतीच.”

“नव्हतीच. मी ठेवलीच नाही.”

“का?”

“घासली आणि बघते तर शेवटचा आकडा कुणीतरी कोरलेला. आठाची एक बाजू खरवडून तीन केलेला. मळ निघाल्यावर अंगठ्याला खरखर लागली. खंडित वस्तू देवापुढे कशी ठेवणार? काल ब्रेड आणला तेव्हा देऊन टाकली दुकानात.”

दहाचे पाच झाले होते, पाचाचा आता एक सेंट झाला होता, आणि तोही ब्रेडमध्ये गेला होता. मग त्यानं सगळं सांगितलं. बशी, रविवारचं सदर, लोहचुंबक, लायब्ररी, बोनस. एडिसनचं घर सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की उत्तराला पातेलं खाली ठेवावं लागलं.

त्याला वाटलं ती चिडेल. पण उत्तराचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, ढग सरकावेत तसा.

“म्हणजे तुमची नोकरी आहे?” तिनं विचारलं.

“नोकरीला काय झालंय?”

उत्तरा समोरच्या खुर्चीत बसली. “अहो, बुधवारी मी ऑफिसात फोन केला, तर म्हणाले आज आलेच नाहीत. आणि तुम्ही तर डबा घेऊन गेला होतात. संध्याकाळी डबा रिकामा घेऊन आलात. वर ऑगस्टमध्ये बोनस. मी म्हटलं, काढून टाकलं, हातावर काहीतरी ठेवलं, आणि त्याला हे बोनस म्हणतायत. जो माणूस कधी देवाकडे बघत नाही तो दिवसातून चारदा कपाटापुढे उभा. मला दुसरं काय वाटणार?”

“मग पूजा?”

“तुम्हाला नोकरी लागू दे म्हणून. लोकांनाही तेवढ्यासाठीच सांगितलं, कुणाच्यातरी ओळखीनं काही होईल.”

विनयनं पाकिटांकडे पाहिलं. मग कमरेच्या नोटा काढून त्यांच्यावर ठेवल्या. “आणि एडिसनवाली बाई? तिला महिनाअखेर दहा हजार कुठून देऊ?”

“तिचा शुक्रवारीच फोन आला होता इथे. मिस्टर सबनीसना कागद तयार आहेत सांगा म्हणाली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या. मी तिला सांगितलं, नवऱ्याची नोकरी गेलीय. ती बिचारी रडायलाच आली. म्हणाली मग बँक कर्ज देणारच नाही, कराराप्रमाणे तुमचा चेक परत पाठवते.”

विनयनं मनात खातं जुळवलं. हजार डॉलर वाचले होते. घर गेलं होतं. नोकरी होती, पण ती आहे हे गावाला पटवणं बाकी होतं.

“आत्ताच फोन करू का सगळ्यांना?” त्यानं विचारलं.

“आज नको. आज केलात तर म्हणतील, बिचारा स्वतःची अब्रू झाकतोय.” उत्तरानं पाकिटं एकत्र करून रबरबँड लावला. मग तिकडे न बघताच म्हणाली, “किचन कसं होतं?”

“कुठलं?”

“त्या घरातलं.”

“सिंकसमोर खिडकी होती,” विनय म्हणाला.

उत्तरानं मान हलवली आणि दिवा घालवून बाहेर गेली.

सोमवारी विनय ऑफिसात पोचला तर त्याचा बॉस हॅलोरन दारातच उभा होता. हॅलोरन साधारणपणे दहाच्या आधी खुर्चीतून उठत नसे. त्यानं विनयला केबिनमध्ये नेलं, दार लावलं, स्वतः कॉफी आणून दिली.

“सकाळी मला एक फोन आला,” हॅलोरन म्हणाला. “शेजारच्या बिल्डिंगमधून. एक मॅनेजर तुझ्याबद्दल विचारत होता. कामाला कसा आहे, स्वभाव कसा आहे. मी विचारलं का, तर म्हणाला तू मोकळा आहेस असं त्याला कळलंय.”

विनयला राजीवचा मॅनेजर आठवला. तो कॉफी प्यायला.

“पगाराचा तो जुना प्रोग्रॅम तुझ्याशिवाय इथे कुणाला कळत नाही,” हॅलोरन म्हणाला. “तू गेलास तर या शुक्रवारी चेक कुणाच्या हातात पडणार नाहीत. माझ्याही. किती देतायत ते?”

विनयनं कप पुन्हा तोंडाला लावला. खरं सांगायचं तर पेनीपासून सुरुवात करावी लागली असती.

“मी दोन हजारांचा बोनस देऊ शकतो,” हॅलोरन म्हणाला.

विनयनं कपाच्या तळाकडे पाहिलं. सांगावं तरी कुठून, याचा तो अजून विचार करत होता.

“साडेतीन. आणि जानेवारीत पगारवाढ. विनय, याहून जास्तीसाठी मला वर जाऊन भीक मागावी लागेल.”

“ठीक आहे,” विनय म्हणाला, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

दिवसभर त्यानं तो आकडा मनात उलटसुलट करून पाहिला. कुठे खरवडल्याची खूण नव्हती. चेक पुढच्या आठवड्यात मिळणार होता, पण शब्द पक्का होता. परतीच्या गाडीत तो उभ्या उभ्या हसत होता, आणि शेजारचा माणूस थोडा सरकून उभा राहिला. जर्नल स्क्वेअरला उतरून तो जवळजवळ धावतच घरी आला, बूट न काढता स्वयंपाकघरात गेला. उत्तरा कणीक मळत होती.

“उत्तरा,” तो म्हणाला, “मला बोनस मिळाला.”

उत्तरानं मळणं थांबवलं. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि उजवा तळवा त्याच्यापुढे पसरला.

“बघू,” ती म्हणाली. “कुठल्या सालचा आहे?”